‘इन्क्लुझिव्ह क्लासरूम किट’ मराठी शाळेच्या बाकावर ठेवून पाहिलं तर

शिकण्याच्या वेगळ्या गरजा असलेल्या मुलांसाठी म्हणून तयार पेट्या हल्ली ऑनलाइन मिळतात. विकणारे वेगवेगळे असले तरी आतला माल जवळपास तोच असतो. पेन्सिलला लावायची ग्रिप, उतरता लेखनपाट, रीडिंग विंडो आणि तिच्यासोबत रंगीत फिल्म, उठावाच्या रेघांची वही, इअरमफ, लाल चकतीचा टायमर, हवा भरलेली उशी, वेल्क्रोची चित्रकार्डं, अक्षर-आकड्यांची कार्डं आणि स्प्रिंगची कात्री, अशा दहा वस्तू. पालकांच्या ग्रुपवर यांच्या लिंका फिरतात आणि शाळेला देणगी द्यायची असली की विश्वस्तही हीच पेटी उचलतात.

निकाल आधीच सांगून टाकतो. दहांपैकी तीन वस्तू आहेत तशा वापरता येतात, चार दुरुस्त करून घ्याव्या लागतात आणि तीन घेतल्या नाहीत तरी चालतं. माल वाईट नाही. पेटी बांधणाऱ्याच्या डोळ्यांसमोर एका मुलाला एक टेबल देणारा, इंग्रजी लिहिणारा, वातानुकूलित वर्ग असावा, आणि अडचण तिथून सुरू होते.

मुंबईच्या मराठी माध्यमाच्या बऱ्याच शाळा दोन सत्रांत भरतात. सकाळी माध्यमिकचा वर्ग ज्या बाकावर बसतो, त्याच बाकावर दुपारी तिसरीची मुलं बसतात. त्यामुळे बाक मुलाच्या मापाचा नसतो आणि शाळा सुटताना त्यावर काही ठेवून जाता येत नाही. साधन रोज दप्तरातून आणायचं, न्यायचं. दप्तराचं ओझं मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नसावं, असा शासनाचा २०१५ चा निर्णय आहे. बावीस किलोच्या मुलाला सव्वादोन किलोसुद्धा वाट्याला येत नाहीत. त्यात दीड किलोचा लाकडी पाट कुठं बसवणार?

सगळ्यात जास्त दुरुस्ती लागते ती वाचायच्या खिडकीला, म्हणजे रीडिंग विंडोला. काळ्या पुठ्ठ्यात किंवा प्लास्टिकमध्ये एक लांबट फट असते, तिच्यातून एकच ओळ दिसते आणि ओळ चुकणाऱ्या मुलाला आधार मिळतो. कल्पना उत्तम आहे. फट मात्र रोमन लिपीच्या मापानं कापलेली असते. देवनागरीत शिरोरेषेच्या वर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार असतात आणि खाली उकार. तयार खिडकी मराठी ओळीवर ठेवली की वरचं सगळं झाकलं जातं. मग ‘मोती’चं ‘माता’ होतं, ‘चोरी’चा ‘चारा’ होतो. मूल समोर दिसतंय तेच बरोबर वाचतं आणि बाईंना वाटतं, हा अंदाजानं वाचतोय. मुळात ज्याचं वाचन अडखळतं, त्याच्या हातात ही खिडकी दिली तर नुकसानच होतं.

घरी करायला दहा मिनिटं पुरतात. मुलाचं जे पाठ्यपुस्तक असेल त्यातलीच एक ओळ निवडा, जिच्यात दीर्घ वेलांटी आणि उकार दोन्ही आहेत. वेलांटीच्या टोकापासून उकाराच्या तळापर्यंत पट्टीनं मोजा आणि वर-खाली दोन-दोन मिलिमीटर सोडून फट कापा. रुंदी पूर्ण ओळीएवढी ठेवा. पुठ्ठा काळाच, पण चकाकणारा नको, ट्यूबलाइट त्यावर परावर्तित होते. भाषेच्या आणि गणिताच्या पुस्तकात अक्षराचं माप वेगळं असेल तर दोन खिडक्या करा आणि ज्या त्या पुस्तकात खूण म्हणून घालून ठेवा. मूल जरा सरावलं की खिडकी काढून नुसती पट्टी द्यायची आणि ती वाचायच्या ओळीच्या वर धरायला सांगायची. पट्टी ओळीच्या खाली धरली तर पुढची ओळ झाकली जाते आणि डोळा खाली उतरताना अडतो.

खिडकीसोबत येणाऱ्या पिवळ्या-निळ्या फिल्मा बाजूला ठेवल्या तरी चालतील. डिस्लेक्सियात अडचण मुख्यतः आवाज आणि अक्षर यांची सांगड घालण्याची असते, डोळ्यांची नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी २००९ मध्ये संयुक्त निवेदन काढून रंगीत चष्मे-फिल्मांना पुरेसा आधार नसल्याचं सांगितलं होतं. एखाद्या मुलाला पांढऱ्या कागदाची तिरीप त्रास देत असेल तर फिकट बदामी कागदावर झेरॉक्स काढून द्या, काम भागतं.

उठावाच्या रेघांच्या वहीचं दुखणंही लिपीचंच आहे. या वहीत आकाश निळं, गवत हिरवं, माती तपकिरी अशी रंगांची पट्टी असते आणि हाताला लागणारी रेघ तळाला. इंग्रजी अक्षर त्या रेघेवर उभं राहतं. आपलं अक्षर वरच्या रेघेला टांगलेलं असतं. दुरेघी वहीत लिहायला शिकलेल्या मुलाला तळाची रेघ हाताला लागली की ते अक्षर तिथं टेकवायला जातं, शिरोरेषा वर-खाली होते आणि उकाराला जागाच उरत नाही.

नेहमीची दुरेघी वही घ्या. फक्त वरच्या रेघेवर फेव्हिकॉलची बारीक नळी फिरवा, त्यात थेंबभर लाल पोस्टर कलर मिसळला तर रेघ दिसतेही. उंची मिलिमीटरभर पुरते. कापडावर नक्षीसाठी मिळणारा आउटलायनरचा रंग जास्त कडक सुकतो, परवडत असेल तर तोच वापरा. एका पानावर चार-पाचच ओळी कराव्यात, त्याच पानाच्या मागच्या बाजूला करू नये, नाहीतर वही फुगते. उन्हाळ्यात रात्रीतून सुकतं. जुलैत मात्र दोन दिवस पान उघडं ठेवावं लागतं, आणि तरी पानं चिकटतात म्हणून मध्ये बटर पेपर घालायचा. खालच्या रेघेला उठाव देऊ नका. दोन्हीकडून भिंत झाली की हात अडकतो आणि उकार वरच ओढला जातो. तीन-चार आठवड्यांनी ओळीआड उठाव, मग पानाची फक्त पहिली ओळ, मग साधी वही, असं कमी करत न्यायचं.

हे सगळं करूनही पाचवी-सहावीतलं मूल फळ्यावरून उतरवून घेण्यातच तासिका घालवत असेल तर वही बदलून उपयोग नाही. त्याला मजकुराची झेरॉक्स द्या आणि उत्तरं तोंडी घ्या. परीक्षेत लेखनिक आणि तासाला किमान वीस मिनिटं जादा वेळ मिळण्याची सोय आहे, पण त्यासाठीचं प्रमाणपत्र आधी हातात लागतं. ते ठरावीक सरकारी आणि पालिका रुग्णालयांतून होतं आणि तपासणीला एकापेक्षा जास्त खेपा पडतात. दहावीच्या वर्षी धावाधाव करण्यापेक्षा आठवीतच सुरुवात करावी. लेखनिकाला उत्तर सांगणं हेही शिकावं लागतं. विरामचिन्हं, परिच्छेद, आकृतीच्या सूचना तोंडानं सांगायची सवय नसलेलं मूल ऐन पेपरात गोंधळतं.

अक्षर-आकड्यांची कार्डं पूर्णपणे बाद. त्यातली निम्मी मेहनत इंग्रजी ‘बी’ आणि ‘डी’ यांची उलटापालट सोडवण्यात गेलेली असते. मराठीत घोटाळे वेगळे: घ आणि ध, भ आणि म, थ आणि य, ब आणि व. पहिली वेलांटी लिहायची आधी आणि उच्चारायची नंतर, हा एक वेगळाच पेच. आकड्यांत ३ आणि ६ आरशातल्यासारखे दिसतात. शिवाय ‘पंचवीस’ म्हणताना पाच आधी येतात आणि लिहिताना दोन, त्यामुळे ऐकून आकडा लिहिणारी मुलं सर्रास ५२ लिहितात. बालभारतीनं २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात ‘वीस पाच’ची जोड दिली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, पण दशक-एककात अडखळणाऱ्या मुलांसाठी ती पायरी कामाची आहे. पोस्टकार्डाच्या मापाचे पुठ्ठे कापून एका वेळी एकच जोडी घ्यायची, म्हणजे आठवडाभर फक्त भ आणि म. सॅण्डपेपरवर अक्षर कापून बोटानं गिरवायला दिलं तर अधिक चांगलं. कागद बारीक दाण्याचा घ्या, जाडाभरडा बोटाला लागतो आणि मूल दुसऱ्या दिवशी हात लावत नाही.

आता बसण्याकडे येऊ. पेटीतली हवेची उशी सारखी चुळबुळ करणाऱ्या मुलासाठी असते. ती साधारण तेहतीस सेंटिमीटर व्यासाची. जोडबाकावर दोघं, कधी तिघं बसतात, तिथं ती शेजाऱ्याच्या जागेत जाते आणि पहिल्याच दिवशी भांडण होतं. त्याहून मोठी अडचण पायांची. माध्यमिकच्या मापाच्या बाकावर तिसरीतल्या मुलाचे पाय आधीच लोंबकळत असतात, उशीनं ते आणखी वर जातात. पाय टेकलेले नसतील तर धड स्थिर राहत नाही आणि हाताला लिहायला आधार मिळत नाही. म्हणून उशीच्या आधी पायाखाली आधार हवा. रद्दीच्या वर्तमानपत्रांचा घट्ट गठ्ठा करा, त्याला तपकिरी टेप गुंडाळा आणि खालून रबरी जाळीची मॅट चिकटवा. उंची एवढी असावी की तळपाय पूर्ण टेकेल आणि गुडघे काटकोनात येतील. एवढं वजन रोज न्यायचं नाही, वर्गातल्या कपाटात जागा मागून घ्यायची. पाय हलवायची गरज असलेल्या मुलासाठी बाकाच्या पुढच्या दोन पायांमध्ये सायकलची जुनी ट्यूब ताणून बांधा. पायानं ढकलत राहतं, आवाज होत नाही, बाईंच्या लक्षातही येत नाही. ट्यूब जमिनीपासून चार-पाच इंचांवर हवी, वर बांधली तर घोटा अडकून मूल पडू शकतं.

लेखनपाटाची गरज खरी आहे. साधारण पंधरा ते वीस अंशांचा उतार मिळाला की मनगट नीट वळतं, मान कमी झुकते, आणि ज्याला कमी दिसतं त्या मुलाला पुस्तक डोळ्यांजवळ आणता येतं. पण पेटीतला पाट आपल्या बाकाच्या फळीपेक्षा खोल असतो, पुढची कड बाहेर येते आणि मुलाच्या छातीला लागते. ऑफिसात वापरतात ती जाड कण्याची बॉक्स फाइल घ्या. कणा पलीकडच्या बाजूला ठेवून आडवी टाकली की सुमारे पंधरा अंशांचा उतार तयार होतो. वर कागद धरायला चिमटा, खाली तीच रबरी जाळी. वजन नगण्य, आत वह्याही राहतात. कमी दिसणाऱ्या मुलासाठी बालभारतीच्या संकेतस्थळावरून पुस्तकाची पीडीएफ घ्यायची आणि झेरॉक्सवाल्याला ए-फोरवरून ए-थ्रीवर काढायला सांगायची, अक्षर १४१ टक्के होतं. अख्खं पुस्तक काढू नका, चालू पाठच काढा.

इअरमफ पेटीतले ठीकच असतात. सुटे हवे असतील तर नागदेवी स्ट्रीटला कारखान्यांचा सुरक्षामाल विकणाऱ्या दुकानांत तेच स्वस्त पडतात, फक्त लहान डोक्यावर घट्ट बसतात का ते मूल सोबत नेऊन पाहावं. वापर मात्र बहुतेक ठिकाणी चुकीचा होतो. इअरमफ गोंगाट वेगळा आणि बाईंचा आवाज वेगळा करत नाहीत, सगळंच दाबतात. म्हणून शिकवताना ते कानावर नकोत. परिपाठ, मधली सुट्टी, शाळा सुटतानाची घंटा, लेझीमचा सराव, गणपतीच्या दिवसांत बाहेरून येणारा ढोल, एवढ्यापुरते लावायचे आणि उतरवायचे. दिवसभर लावले तर कान साध्या आवाजालाही जास्त बिचकू लागतात. ऑक्टोबरच्या उन्हात गादीखाली घाम साचून पुरळ येतं, पावसाळ्यात गादीवर बुरशी धरते. रोज घरी आल्यावर ओल्या फडक्यानं पुसून पंख्याखाली ठेवायचे. मुळात मुलाची जागा घंटेपासून आणि जिन्यापासून लांब घ्या, निम्मा प्रश्न तिथंच सुटतो. आणि हाका मारून लक्ष देत नाही म्हणून ‘अटेन्शन’चा शिक्का मारण्याआधी एकदा श्रवणचाचणी करून घ्या. वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग संस्थेत ती होते.

चित्रकार्डांचं काम छान असतं, चित्रं परकी. पिवळी स्कूलबस, सँडविच, बर्फातला माणूस. ज्या मुलाला बोलून सांगता येत नाही त्याच्या रोजच्या जगात रिक्षा, डबा, वरणभात, सार्वजनिक नळ आणि शाळेचं स्वच्छतागृह असतं. पांढऱ्या चादरीवर वस्तू ठेवून मोबाइलनं फोटो काढा. सुरुवातीला सहाच पुरतात: पाणी, शू, मदत, नको, पुरे, थांब. बाजारच्या संचात खाण्याची चित्रं ढीगभर आणि ‘नको’ एकही नसतं, मग मूल कार्ड फेकून ‘नको’ म्हणतं आणि लोक त्याला आडदांड ठरवतात.

मुंबईच्या हवेत खरी कसोटी लागते ती चिकटवण्याची. मागून गोंद लावलेलं वेल्क्रो जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात सुटायला लागतं. कॅनव्हासच्या किंवा रेक्झिनच्या पट्टीवर शिंप्याकडून वेल्क्रो शिवून घेतलं तर वर्षभर टिकतं. मऊ बाजू कार्डाला, खरखरीत बाजू पट्टीला. उलट केलं तरी हरकत नाही, पण घरी आणि शाळेत एकच पद्धत हवी. लॅमिनेशन करताना कागदाच्या कडेबाहेर चार-पाच मिलिमीटर प्लास्टिक सोडायला सांगा. दुकानदार नीटनेटकं दिसावं म्हणून कडेलाच कापतो आणि तिथून ओल आत शिरते. कोपरे गोल करून घ्या. खरखरीत बाजूत धागे अडकून पकड गेली तर जुन्या टूथब्रशनं घासून काढा.

कार्डांच्या पुढची पायरी म्हणून पवईच्या आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात तयार झालेलं ‘जेलो’ हे ॲप जरूर पाहावं. चित्रावर बोट ठेवलं की फोन बोलतो. आवडतं-नावडतं, हो-नाही, जास्त-कमी अशी बटणं चित्रांच्या जोडीला असतात, मराठीतही आहे आणि मोफत आहे. शाळेत मोबाइल चालत नसेल तर हे साधन म्हणजे मुलाची वाचा आहे, असं मुख्याध्यापकांना लेखी द्या. सुट्टीत खेळायला तोच फोन देऊ नका, नाहीतर बोलायचं यंत्र आणि कार्टूनचं यंत्र यांत मुलाची गल्लत होते. कार्डं तरीही दप्तरात असू द्यावीत, बॅटरी मधल्या सुट्टीतच संपते.

ग्रिपबद्दल थोडक्यात. बोटं घालायची भोकं असलेली ग्रिप टाळा, तिच्यामुळे पेन्सिलचं टोक दिसेनासं होतं आणि डावखुऱ्याला ती उलटी बसते. त्रिकोणी जाड पेन्सिल किंवा पेन्सिलचा जेमतेम तीन बोटं मावतील असा तुकडा हे तिच्याहून चांगले. तुकड्याला पूर्ण मूठ लागतच नाही, बोटं आपोआप जागेवर येतात. लावलीच तर ग्रिप टोकापासून अडीच सेंटिमीटरवर हवी आणि पेन्सिल तासताना ती काढून परत लावायची, जे वर्गात कुणी करत नाही. चार बोटांनी धरणारं मूल वाचता येईल असं, वेगानं आणि हात न दुखता लिहीत असेल तर त्याच्या मागे लागू नये.

टायमर निर्धास्त घ्या. पस्तीस मिनिटांच्या तासिकेत ‘अजून पाच मिनिटं’ म्हणजे किती, हे लाल चकती कमी होताना दिसल्यावर कळतं. टिकटिक करणारा नको. शेवटच्या बीपचा आवाज बंद करता येतो का ते पाहून घ्या. स्प्रिंगची कात्रीही चांगली, फक्त डावखुऱ्यांसाठीची वेगळी मागवावी लागते.

पैशांचं काय, हा प्रश्न येतोच. ‘समग्र शिक्षा’ या सरकारी योजनेत विशेष गरजा असलेल्या मुलामागे वर्षाला ३,५०० रुपये धरलेले आहेत, त्यात साधनांबरोबर बाकीचा खर्चही येतो. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ च्या कलम १७ नुसार चाळीस टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्यांना पुस्तकं, शैक्षणिक साहित्य आणि योग्य साधनं अठरा वर्षांपर्यंत मोफत द्यायची आहेत. शाळेकडे अर्ज करताना ‘किट द्यावे’ असं लिहू नका. ‘तिसरीच्या भाषेच्या पुस्तकाच्या मापाची वाचनखिडकी, पायाखाली सहा इंचांचा आधार, घंटेपासून लांब जागा’ असं वस्तुवार लिहा, अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या.

एवढं वाचूनही पेटीच मागवायची असेल तर दिवाळीच्या किंवा मे महिन्याच्या सुट्टीत मागवू नका. परत पाठवायची मुदत बहुधा आठवडा-दहा दिवसांची असते आणि ती बाकाला न लागताच निघून जाते. शाळा चालू असताना मागवा, पहिल्याच दिवशी पाट बाकावर टाकून पाहा, खिडकी ‘मोती’वर ठेवून पाहा आणि खोका फाडू नका.